लाइटच्या बोर्डातून नवा प्लग काढताय? आधी भिंतीच्या आतलं बघा

"लाइटच्या बोर्डातूनच एक प्लग काढून दे की, एका मिक्सरला असं किती लागतंय?" सांगलीतल्या वायरमनला हे हमखास ऐकावं लागतं. गावभागातल्या जुन्या घरांत तर लागतंच, पण विश्रामबागेतल्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या बंगल्यांतही लागतं. ती घरं बांधली तेव्हा एका खोलीला एक प्लग पुरायचा. आता त्याच खोलीत टीव्ही, वाय-फायचा डबा, दोन मोबाइल, लॅपटॉप आणि पाण्याचं फिल्टर आलंय. एक प्लग वाढवावासा वाटणं अगदी रास्त आहे.

तो वाढवता येतो का, हे त्यावर काय चालवणार यावर ठरतं. मोबाइल, लॅपटॉप, राउटर, टीव्ही यांसाठी सहा अँपिअरचा छोटा प्लग लाइटच्या सर्किटवर बहुतेक वेळा काढता येतो, अटी पाळल्या तर. इस्त्री, गिझर, इंडक्शन, पाणी तापवायचा रॉड, मायक्रोवेव्ह, एसी यांच्यासाठी मात्र नाही. मिक्सरसाठीही नाहीच म्हणेन. त्यांच्यासाठी डीबीपासून (जिथून घरभर सर्किटं फुटतात त्या मुख्य डब्यापासून) वेगळी वायर ओढायची, वेगळ्या एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर). या दोन्हींमधली रेघ कुठून आली, ते नीट कळलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

लाइटच्या सर्किटबाबत आपल्याकडे वर्षानुवर्षं पाळला जाणारा नियम आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकातून आलाय. दिवे, पंखे आणि सहा अँपिअरचे प्लग मिळून एका सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट आणि एकूण लोड ८०० वॅटच्या आत. पूर्वी ६० आणि १०० वॅटचे पिवळे बल्ब होते, तेव्हा हे ८०० वॅट दिव्या-पंख्यांतच संपायचे. आज तीन खोल्यांचा हिशेब करून बघा. नऊ वॅटचे चार एलईडी बल्ब, वीस वॅटच्या दोन ट्यूब, ७५ वॅटचे तीन पंखे. सगळे मिळून ३०१ वॅट. म्हणजे एलईडीमुळे साधारण पाचशे वॅटची जागा मोकळी झाली आहे. टीव्हीला शंभर वॅट, लॅपटॉपला ६५, राउटरला दहा-पंधरा धरले तरी त्यात आरामात बसतात. हजार वॅटची इस्त्री बसत नाही. दोन हजार वॅटच्या गिझरचा तर विचारच नको.

यावर लोक विचारतात, आणि बरोबर विचारतात, की दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची, बोलीत दीड 'स्क्वेअर') तांब्याची वायर तर बारा-तेरा अँपिअर सहज वाहून नेते, मग गिझरचे पावणेनऊ अँपिअर का नकोत? इथे थोडं थांबून बघू.

वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या पटीत. करंट तिप्पट झाला की उष्णता नऊपट होते. दीड स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरला किलोमीटरमागे साधारण १३ ओहम अवरोध असतो. डीबीपासून बोर्ड दहा मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे पाव ओहमच्या थोडं वर. तीन अँपिअरला त्या सगळ्या लांबीत अडीच वॅटसुद्धा उष्णता तयार होत नाही. नऊ अँपिअरला एकवीस वॅट होते. वीस मीटरभर पसरलेली ही उष्णता एक धडधाकट वायर सोसते, हे खरं आहे.

पण लाइटचं सर्किट म्हणजे एक अखंड वायर नसते. एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात लूप करत ती पुढे जाते. प्रत्येक बोर्डात स्क्रूखाली दाबलेलं टोक, पाइपातल्या जॉइंटवर पीळ देऊन गुंडाळलेली टेप. तीस वर्षांत यातला एखादा स्क्रू ढिला होतो आणि तिथे समजा फक्त ०.१ ओहमचा अवरोध येतो. राउटर-टीव्हीच्या अर्ध्या अँपिअरला काहीच जाणवत नाही. गिझरच्या ८.७ अँपिअरला मात्र त्या एका स्क्रूच्या टोकाशी साडेसात वॅट उष्णता साचते, बंद डब्यात, हवा नसलेल्या जागी. वायरीवरचं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. ते आधी कडक होतं, मग तडकतं, मग काळं पडतं. स्क्रू तापून-गार होऊन आणखी ढिला होतो, अवरोध वाढतो, आणि उष्णताही. घरातल्या बऱ्याच आगी मोठ्या स्फोटातून नव्हे, अशा कोपऱ्यातल्या ढिल्या स्क्रूतून सुरू होतात. बटणाच्या प्लेटवर तपकिरी डाग दिसला, इस्त्री लावली की ट्यूब मंद होत असेल, प्लग काढल्यावर पिन बोटाला गरम लागत असेल, तर तिथे हे आधीच सुरू झालंय असं समजा.

आणि वायर दीडचीच आहे हे तरी कुणी सांगितलं? जुन्या घरांत एक स्क्वेअरची निघते. त्याहून जुन्या घरात 'तीन बावीस' निघते, म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, मिळून जेमतेम १.२ स्क्वेअर. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक घरांत ॲल्युमिनियमची वायर आहे. तिची वाहकता तांब्याच्या साठेक टक्केच असते, ती स्क्रूखाली हळूहळू दबून सैल होते, आणि तिला थेट तांब्याची वायर पिळली की ओलीत तो जॉइंट गंजतो. बोर्ड उघडल्यावर टोक पांढरट, मऊ आणि चटकन तुटणारं दिसलं, तर त्या सर्किटवर नवा प्लग जोडू नये. तो पैसा वायर बदलण्यात घालावा.

एमसीबीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तो भिंतीतल्या वायरीला वाचवण्यासाठी असतो, वस्तूला वाचवण्यासाठी नाही. लाइटच्या सर्किटवर सहा अँपिअरचा एमसीबी असेल आणि इस्त्री, टीव्ही, पंखे एकत्र लावल्यावर तो पडत असेल, तर तो त्याचं काम करतोय. "सारखा पडतो, सोळाचा बसवून दे" म्हणजे वायरीचं संरक्षण काढून घेणं. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये तारेच्या जागी तांब्याच्या वायरीचे दोन-तीन पदर घालणं हाही तोच प्रकार. तसंच बाजारात मिळणारा तो छोटा कन्व्हर्टर, ज्यातून पॉवर प्लगच्या जाड पिना छोट्या सॉकेटमध्ये बसतात. पिना जाड ठेवल्यात त्या मुद्दाम, चुकीच्या भोकात जाऊ नयेत म्हणून.

न्यूट्रल कुठून आणणार?

लाइटच्या बोर्डातून प्लग काढताना सगळ्यात जास्त गडबड इथे होते, आणि बाहेरून ती अजिबात दिसत नाही.

बटण फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडतं. त्यामुळे बऱ्याच जुन्या वायरिंगमध्ये बोर्डात फेजच येतो. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, छताजवळच्या जॉइंट बॉक्समधून थेट दिव्याला, पंख्याला जातो. सांगलीतल्या एका जुन्या घरात माजघरातला बोर्ड उघडला, तेव्हा आत फेजच्या पाच लाल वायरी होत्या आणि न्यूट्रलची काळी एकही नव्हती. आता प्लगला न्यूट्रल हवा. योग्य मार्ग एकच: त्याच सर्किटचा न्यूट्रल जॉइंट बॉक्सपासून नव्या वायरीने खाली आणायचा. त्याला भिंतीत झिरी मारावी लागते किंवा केसिंग पट्टी लावावी लागते, अर्धा दिवस जातो. म्हणून मग पळवाटा निघतात.

पहिली पळवाट म्हणजे शेजारच्या बोर्डातून, दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेणं. प्लग चालतो. पण आता एका सर्किटचा करंट दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलने परत जातोय. उद्या कुणी एक एमसीबी पाडून 'लाइन बंद आहे' असं धरून न्यूट्रल सोडवला, तर त्याच्या हातात दुसऱ्या चालू सर्किटचं टोक असतं. इन्व्हर्टर असेल तर गुंता आणखी वाढतो. आपल्याकडे इन्व्हर्टर बहुधा लाइट-पंख्याच्या सर्किटवरच जोडलेला असतो. त्याचा न्यूट्रल आणि बाकीच्या घराचा न्यूट्रल असे एकमेकांत मिसळले की आरसीसीबी (वीज कुठे गळली की लाइन तोडणारा स्विच) कारण न कळता पडत राहतो.

दुसरी पळवाट जास्त भयंकर: हिरव्या अर्थच्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या, वायरीलाच न्यूट्रल म्हणून वापरणं. दिवा लागतो, टीव्ही चालतो, सगळे खूश. पण वापराचा करंट आता अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात जातोय. खड्ड्याचा अवरोध दहा ओहम असेल आणि दोन अँपिअर वाहत असतील, तर घरातल्या फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर वीस व्होल्ट चढलेले असतात. कुठे अर्थची वायर तुटली, की पूर्ण २३० व्होल्ट त्या वस्तूतून फिरून इतर वस्तूंच्या पत्र्यावर येऊन थांबतात.

तिसरी पळवाट याच्या उलट: घरात अर्थ नाही, पण तीन पिनांचं सॉकेट बसवायचंय, म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रलमधून एक तुकडा अर्थच्या पिनेला जोडून द्यायचा. न्यूट्रल शाबूत आहे तोवर काही कळत नाही. न्यूट्रल कुठेही तुटला की फेज वस्तूमधून फिरून न्यूट्रलवर, तिथून त्या तुकड्यातून अर्थच्या पिनेवर आणि तिथून थेट मशीनच्या पत्र्यावर येतो. ओल्या हाताने झाकण उघडणाऱ्या माणसाला तो शोधतो.

यावरून टेस्टरबद्दल. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला की लोक म्हणतात 'दोन्हीकडे फेज आला'. बहुतेक वेळा प्रकार वेगळा असतो: न्यूट्रल मागे कुठेतरी तुटलाय, आणि चालू राहिलेल्या एखाद्या वस्तूतून फेज न्यूट्रलच्या भोकापर्यंत पोचलाय. अशा वेळी कशालाही हात न लावता मेन पाडायचा. उलट, टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, हेही धरू नका. उन्हात त्याचा उजेड दिसत नाही आणि खराब झालेला टेस्टर गप्पच बसतो. वायरमनने मीटर लावून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मापं घ्यायला हवीत, आणि आधी चालू प्लगवर मीटर तपासून घ्यायला हवा.

आता अर्थ आणि आरसीसीबी. सांगलीच्या काळ्या जमिनीत ओल टिकते, त्यामुळे अर्थिंग तुलनेने चांगलं मिळतं. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या उतारावर मुरूम आणि खाली खडक, तिथे तोच खड्डा जास्त अवरोध दाखवतो. काळी जमीनही उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडपासून सुटते, म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. पण अर्थिंग बऱ्यापैकी असलं तरी नुसत्या एमसीबीवर विसंबू नये. हिशेब बघा. खड्डा दहा ओहमचा आहे, फेज पत्र्याला टेकला. करंट जास्तीत जास्त २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. सोळाचा एमसीबी याला ओव्हरलोड समजतो, शॉर्ट सर्किट नाही. त्याच्या मानकाप्रमाणे १.४५ पट करंटला तो तासाभरात पडायला हवा, आणि २३ अँपिअर म्हणजे १.४४ पट. तासभर पत्रा जिवंत राहू शकतो.

म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो वाण्यासारखा गेलं किती आणि आलं किती याचा हिशेब ठेवतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला नाही, फरक ३० मिलिअँपिअर झाला, की तो ०.३ सेकंदाच्या आत लाइन तोडतो. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा करंट हाच तो फरक. नवा प्लग काढायचा तर तो आरसीसीबीच्या पोटात असलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो नुसत्या मोबाइलसाठी का असेना. मात्र कुणी एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला फरक दिसत नाही, आणि ओव्हरलोडही त्याला कळत नाही. त्यासाठी एमसीबी लागतोच. 'सारखा पडतो' म्हणून आरसीसीबी काढून टाकलेली घरं कमी नाहीत. तिथे वर सांगितलेल्या तीन पळवाटांपैकी एखादी भिंतीत दडलेली असण्याची शक्यता मोठी.

काम कोण करणार? बल्ब, फ्यूज, खराब झालेलं बटण बदलणं वेगळं. नवा पॉइंट काढणं म्हणजे वायरिंगमध्ये भर घालणं, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे ते राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडून, परवानाधारक वायरमनच्याच हातून व्हायला हवं. व्हिडिओ बघून स्वतः करू नका. पण वायरमन काम करत असताना काय बघायचं, हे घरातल्या माणसाला माहीत असलं की काम नीट होतं.

सुरुवात डीबीपासून. मेन पाडला, तेवढ्यावर थांबू नका. इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुटची वायर सोडवायला लावा, कारण मेन पाडल्यावर इन्व्हर्टर आपणहून सुरू होतो आणि लाइटच्याच बोर्डात २३० व्होल्ट सोडतो. मेन बंद असताना बसलेले कितीतरी शॉक या एका कारणाने बसतात. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर लाइट गेली समजून कुणीतरी मेन वर करतं.

मग त्या सर्किटवर एकूण पॉइंट किती हे बटणं मोजून ठरवा. बोर्डातली वायर बाहेर काढून बघा. वायरीच्या अंगावर ठरावीक अंतराने साइज छापलेला असतो, जुनी असेल तर तारा मोजून अंदाज घ्या. प्लगसाठी फेज घ्यायचा तो बटणांना लूप केलेल्या, कायम चालू असलेल्या वायरीतून, दिव्याकडे जाणाऱ्या वायरीतून नाही, नाहीतर दिवा लावल्याशिवाय प्लग चालणार नाही. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ, तिन्ही त्याच सर्किटचे. प्लगपर्यंतचा तुकडा दीडहून बारीक नको. सॉकेटला झडप असलेलं घ्या, पोरांची बोटं आणि सेफ्टी पिना आत जात नाहीत. समोरून बघताना अर्थचं मोठं भोक वर, फेज उजव्या हाताला, न्यूट्रल डावीकडे. प्लगचं बटण फेजवरच असलं पाहिजे. पाइपात मध्येच पिळून टेप लावलेला जॉइंट नको, जॉइंट बॉक्समध्येच, आणि स्क्रू घट्ट झाल्यावर वायर ओढून बघायची.

जागा निवडताना: बाथरूममध्ये नको, सिंकच्या वर किंवा अगदी शेजारी नको, गॅसच्या डोक्यावर नको. देवघरात समई-निरांजनापासून लांब.

सांगलीसाठी आणखी एक मुद्दा, तो पुराचा. २००५, २०१९ आणि २०२१ ला ज्या घरांत कृष्णेचं पाणी शिरलं, त्यांना भिंतीवरची ती खूण माहीत आहे. त्या घरांत तळमजल्यावर नवा प्लग काढताना तो खुणेच्या वर घेता आला तर उत्तम, आणि वायर छताकडून खाली उतरवायची, जमिनीलगतच्या पाइपातून वर आणायची नाही. शक्य असेल तर तळमजला आणि वरचा मजला यांची सर्किटं डीबीतच वेगळी करून घ्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर खालचं बंद ठेवून वर निदान दिवे लावता येतील. पाण्यात बुडालेले सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी वाळवून परत वापरू नयेत. आत गाळ बसतो, आणि वरून कोरडा दिसणारा एमसीबी गरजेच्या वेळी पडेलच असं नाही. भिंतीतली वायर टाकून द्यायची की ठेवायची, हे डोळ्यांनी कळत नाही. वायरमन मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावतो, ५०० व्होल्टवर इन्सुलेशनचा अवरोध एक मेगाओहमपेक्षा कमी आला, तर त्या सर्किटला वीज द्यायची नाही. नवा प्लग अशा घरात काढायचा असेल तर हे माप आधी, झिरी नंतर.

काम झाल्यावर आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून बघा, लगेच पडला पाहिजे, आणि पुढेही महिन्यातून एकदा दाबत जा. नव्या प्लगवर आधी टेबल लॅम्पसारखी छोटी वस्तू लावून अर्धा तास चालवा, मग प्लेटला हात लावून बघा. गरम लागता कामा नये. डीबीच्या झाकणावर आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून लिहा: 'माजघरातला प्लग – लाइटच्या दोन नंबर एमसीबीवर – इस्त्री, मिक्सर नको'. इन्व्हर्टरवर असेल तर तेही लिहा, कारण साधारण ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला सातशे वॅटच्या आसपासच लोड झेपतो. आणि इस्त्रीसाठी, गिझरसाठी वायरमन घरी आलेलाच आहे तर त्याच दिवशी डीबीपासून वेगळी वायर ओढून घ्या: इस्त्री-मिक्सरच्या प्लगला अडीचची, गिझर किंवा एसीला चारची.